१०० केव्हीएच्या रोहित्रात ५६च वेढे का?

शिवारवाट

नमस्कार मंडळी,

आमच्या उपसा सिंचन संस्थेचं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर; गावात आम्ही सरसकट 'डीपी' म्हणतो) गेल्या महिन्यात जळालं. क्षमता १०० केव्हीए, ११ केव्हीचे (११००० व्होल्टचे) ४३३ व्होल्ट करणारं. दुरुस्तीला नेताना मी मुद्दाम गाडीत बसून गेलो. दोन वर्षांपूर्वी आयटीआय इलेक्ट्रिशियन झालो, पण उघडलेलं रोहित्र कधी पाहिलं नव्हतं.

वर्कशॉपातल्या वायंडरकाकांनी वही दाखवली. तिच्यात लिहिलं होतं : एलटी (कमी व्होल्टेजची बाजू) ५६, एचटी (जास्त व्होल्टेजची बाजू) २४६४. मी तिथेच गणित केलं. एलटीची जोडणी स्टार आहे, म्हणजे ४३३ ला १.७३२ ने भागून फेजला २५० व्होल्ट. एचटी डेल्टा, म्हणून फेजला पूर्ण ११०००. ११००० भागिले २५०, उत्तर ४४. आणि २४६४ भागिले ५६, तेही ४४. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

पण परत येताना वाटेत डोक्यात भुंगा शिरला. १० आणि ४४० वेढे भरले तरी गुणोत्तर ४४च. १०० आणि ४४०० भरले तरी ४४च. मग ५६ कुणी ठरवले? काकांना फोन केला तर म्हणाले, "जुन्या कॉईलीतून मोजले, तेवढेच भरायचे." ते खरं, पण पहिल्यांदा ज्याने ठरवले त्याने कशाच्या आधाराने ठरवले? पुस्तकात गुणोत्तरापुढे काही सापडत नाही. जाणकारांनी सांगावं.

---

सायली_डिप्लोमा

आमच्या तोंडी परीक्षेत हाच प्रश्न आला होता. मी म्हणाले, "व्होल्टेजवरून ठरतात." सरांनी विचारलं, "व्होल्टेज आणि आणखी कशावरून?" तिथे माझी गाडी थांबली. धाग्यावर लक्ष ठेवून आहे.

---

सातपूरकर

वितरण रोहित्रांच्या डिझाईनमध्ये माझी एकोणीस वर्षं गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गुणोत्तर हे दोन गुंडाळ्यांमधलं नातं आहे. प्रत्यक्ष आकडा मात्र गुंडाळी आणि लोखंड यांच्यातल्या नात्यातून येतो. एका वेढ्यात किती व्होल्ट तयार होतात, हा मूळ प्रश्न. त्याचं सूत्र असं :

एका वेढ्याचे व्होल्ट = ४.४४ × वारंवारता × कोअरमधला (लोखंडी गाभ्यातला) कमाल फ्लक्स (चुंबकीय प्रवाह)

(४.४४ म्हणजे दोन पाय (π) भागिले वर्गमूळ दोन.) आणि फ्लक्स म्हणजे लोखंडाचा निव्वळ छेद गुणिले फ्लक्सची घनता. आपल्याकडे ५० हर्ट्झ पक्के. घनतेला लोखंडाची मर्यादा : सीआरजीओ (कणांची दिशा लावलेला) पत्रा साधारण २.०३ टेस्लाला संपृक्त होतो (त्यापुढे चुंबकत्व फारसं वाढत नाही), म्हणून आम्ही १.६ ते १.७ च्या आसपास थांबतो. उरला छेद. छेद ठरला की एका वेढ्याचे व्होल्ट ठरले, आणि २५० ला त्याने भागलं की एलटीचे वेढे.

पण हा छेद किती घ्यायचा? तिथे अनुभवाचं एक सूत्र वापरतात : एका वेढ्याचे व्होल्ट = के × केव्हीएचं वर्गमूळ. तीन फेजच्या वितरण रोहित्राला के सुमारे ०.४५. तुमच्या रोहित्राला लावून बघा. १०० चं वर्गमूळ १०, म्हणजे ४.५ व्होल्ट. २५० भागिले ४.५ = ५५.६. साडेपंचावन्न वेढे भरता येत नाहीत. तार लोखंडाला एक पूर्ण वळसा घालते किंवा घालत नाही. म्हणून ५६. आले ना तुमचे ५६!

आता उलटं फिरायचं. ५६ वेढे म्हणजे वेढ्याला ४.४६४ व्होल्ट. त्याला ४.४४ आणि ५० ने भागलं की फ्लक्स ०.०२०१ वेबर. घनता १.६ धरली तर लोखंडाचा निव्वळ छेद सुमारे १२६ चौरस सेंटिमीटर. पायऱ्या-पायऱ्यांचा कोअर गोलात बसवताना थोडी जागा वाया जाते, ती धरून व्यास साधारण १३५ मि.मी. काकांना सांगा, कोअरचा व्यास मोजून बघा.

---

मेजावरचा_वायंडर

ताईंनी बरोबर सांगितलं. माझा अनुभव जोडतो. एलटी आम्ही बहुतेक दोन थरांत गुंडाळतो. ५६ म्हणजे २८ वर, २८ खाली. एक थर खाली उतरतो, दुसरा वर चढतो आणि दोन्ही टोकं वरच्या बाजूला येतात, जोडणी सोपी होते. त्यामुळे ५५ आणि ५६ मधून निवडायचं झालं तर वायंडरचं मत ५६ला.

एचटी मात्र बारीक तारेची, २४६४ वेढ्यांची. लिंबावर (कोअरच्या उभ्या पायावर) एकावर एक चार कॉईली ठेवल्या तर प्रत्येकी ६१६. मशीनला काउंटर असतो, तरी आमच्या शेडमध्ये जुना नियम आहे : कॉईल चालू असताना कुणी हाक मारली तर ओ द्यायची नाही. जेवायला बोलावलं तरी नाही.

---

ऊसकरी

मला एक पटत नाही. मोठ्या रोहित्राला जास्त लोड, जास्त लोडला जास्त चुंबकत्व, मग वेढेही जास्त लागणार ना? इथे तर उलटं दिसतंय. आमच्या कारखान्यावर १००० केव्हीएचं आहे, त्याच्या एलटीला किती वेढे असतील? हजारभर?

---

सातपूरकर

@ऊसकरी, १७ किंवा १८!

१००० चं वर्गमूळ ३१.६, गुणिले ०.४५ म्हणजे वेढ्याला १४.२ व्होल्ट. २५० भागिले १४.२ = १७.६. रोहित्र जितकं मोठं तितका कोअर जाड, एका वेढ्याचे व्होल्ट जास्त आणि वेढे कमी. २५ केव्हीएच्या छोट्या रोहित्रात हाच आकडा १११ च्या आसपास जातो. ४०० केव्हीच्या उपकेंद्रांत जी अजस्र रोहित्रं दिसतात, त्यांत एकाच वेढ्यात शेकड्यांनी व्होल्ट असतात.

म्हणूनच आम्ही आधी एलटीचे वेढे ठरवतो आणि एचटी त्यावरून काढतो. १८ मध्ये एक वेढा इकडे-तिकडे झाला तर साडेपाच टक्क्यांचा फरक. गुणोत्तरात मानकाप्रमाणे अर्धाच टक्का सूट मिळते. एचटीच्या शेकडो-हजारो वेढ्यांत एक वेढा म्हणजे नगण्य, तिथे हवं तसं जुळवता येतं. ३३/११ केव्हीचं ५ एमव्हीए घ्या. वेढ्याला ३१.८ व्होल्ट, ११ केव्हीच्या स्टारला २०० वेढे, आणि ३३ केव्हीच्या डेल्टाला गणिताने १०३९.२ येतात. १०३९ भरले तरी चूक अर्ध्या टक्क्याच्या कितीतरी आत.

---

टेस्टबेंच

ऊसकरी यांचा लोडचा मुद्दा अजून राहिला. खूप जणांचा इथे घोळ होतो. लोड आला की दुय्यम गुंडाळीतला करंट फ्लक्सला मोडू पाहतो, आणि त्याला पुरेल एवढा करंट प्राथमिक गुंडाळी लाईनमधून जास्त खेचून त्याची भरपाई करते. दोघांचे अँपिअर-टर्न (करंट गुणिले वेढे) एकमेकांना खातात. फ्लक्स जवळपास होता तिथेच. फ्लक्स ठरतो व्होल्टेज, वारंवारता आणि वेढे या तिघांवर. लोड वाढला तर तार तापते. तार किती जाड हवी ते लोड सांगतो.

---

ऊसकरी

आत्ता समजलं. इतकी वर्षं 'लोडने कोअर तापला' असं म्हणत होतो. धन्यवाद.

---

जुना_रेडिओ

लहान ट्रान्सफॉर्मरवाल्यांचं गणित सांगतो, तत्त्व तेच आहे. पुण्यातल्या पासोड्या विठोबाच्या परिसरातून स्टॅम्पिंग (कोअरचे कापलेले पत्रे) आणून आम्ही घरी अॅम्प्लिफायरचे ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचो. सूत्र एकच पाठ : दर व्होल्टला वेढे = ४५ भागिले मधल्या पायाचा छेद चौरस सेंटिमीटरमध्ये. दीड इंच पाय, दीड इंच थप्पी, म्हणजे साडेचौदा चौ.से.मी. व्होल्टला ३.१ वेढे. २३० ला सुमारे ७१५. बारा व्होल्टला ३७, पण लोडवर व्होल्ट पडतात म्हणून ३९-४० भरायचे.

हा ४५ कुठून आला ते आज सातपूरकर ताईंचं सूत्र वाचून उमगलं. १ टेस्ला धरून ४.४४ × ५० चा उलटा आकडा आहे तो! साधा पत्रा, म्हणून १ टेस्ला. चाळीस वर्षं वापरलं आणि कधी सोडवून पाहिलं नव्हतं.

---

सायली_डिप्लोमा

ताई, पण के ०.४५च का? ०.५ घेतला तर ५० वेढे होतील, तांबंही वाचेल. तो ०.४५ म्हणजे निसर्गाचा नियम तर नाही ना?

---

सातपूरकर

सायली, अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंस. नाही, तो नियम नाही, ती निवड आहे. सगळं डिझाईन या एका निवडीवर उभं असतं.

रोहित्राचं काम फ्लक्स आणि अँपिअर-टर्न यांच्या गुणाकारातून होतं. गुणाकार केव्हीएने बांधलेला. तो गाठताना लोखंड जास्त घ्यायचं की तांबं, हे तू ठरवायचंस. त्या वाटणीचं प्रमाण के मध्ये दडलेलं आहे.

तुझे ५० वेढे घेऊ. वेढ्याला ५ व्होल्ट. घनता १.६च ठेवायची तर छेद १२६ वरून १४१ चौ.से.मी. व्हायला हवा. लोखंड वाढलं, चोवीस तास चालणारा लोखंडाचा लॉस वाढला. वेढे कमी झाले पण कोअर जाड झाल्याने प्रत्येक वेढ्याची लांबी वाढली, म्हणून तांबं वाटतं तितकं वाचत नाही. आणि खरी मेख इम्पिडन्सची, म्हणजे रोहित्राच्या आतल्या अडथळ्याची. गळतीचा रिअॅक्टन्स वेढ्यांच्या वर्गाबरोबर बदलतो. ५० चा वर्ग भागिले ५६ चा वर्ग म्हणजे ०.८. ४.५ टक्के इम्पिडन्स हवा असताना, बाकी मांडणी तीच राहिली तर तो ३.६ वर येईल. मग उंची कमी करा, दोन गुंडाळ्यांतलं अंतर वाढवा, पुन्हा गणित. कमी इम्पिडन्स म्हणजे शॉर्ट सर्किटला जास्त करंट, आणि गुंडाळीवरचा धक्का करंटच्या वर्गाने वाढतो.

उलट दिशेला ६२ वेढे घे. कोअर सडपातळ, लोखंडाचा लॉस कमी, पण तार लांब, लोडचा लॉस जास्त, इम्पिडन्स वर, व्होल्टेज जास्त पडणार.

आयएस ११८० या वितरण रोहित्रांच्या भारतीय मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीपासून ५० टक्के आणि १०० टक्के लोडवरचा एकूण लॉस मर्यादेत बसवावा लागतो. आम्ही संगणकावर ५०, ५२, ५४, ५६, ५८ असे सगळे आकडे चालवतो, प्रत्येकाला दोन-तीन कोअर व्यास. ज्यांत लॉस, इम्पिडन्स आणि तापमान तिन्ही बसतात त्यांतलं सर्वांत स्वस्त उचलायचं. तुमच्या रोहित्राचे ५६ असेच कुणीतरी निवडलेले आहेत. दुसऱ्या कारखान्याच्या १०० केव्हीएत ५२ किंवा ६० सापडले तर दचकू नका. दोन्ही बरोबर असू शकतात, आपापल्या कोअरसाठी.

---

टेस्टबेंच

ताईंचं शेवटचं वाक्य प्रत्येक दुरुस्तीवाल्याने लक्षात ठेवावं. "आपापल्या कोअरसाठी." त्यावरून घडलेली गोष्ट सांगतो, अजून मनाला लागून आहे.

काही वर्षांपूर्वी एका वर्कशॉपातून रिवाइंड होऊन आलेलं रोहित्र आमच्या टेबलावर आलं. हेच १०० केव्हीए. गुणोत्तर मापून पाहिलं, तिन्ही फेज ४४ नेमके. विंडिंगचा रेझिस्टन्स थोडा वेगळा, पण तार बदलली की तेवढं होतं असं वाटलं. इन्सुलेशन छान. घाई होती, शेतकरी दारात उभे होते, पिकं वाळत होती. नो-लोड चाचणी (लोड न जोडता व्होल्टेज देऊन करंट मोजणं) न करता सोडलं. ती चूक माझी.

दीड महिन्यात परत आलं. लोक सांगत होते, रात्री फार गुणगुणतं, लोड नसताना टाकी गरम लागते. उघडून वेढे मोजले. एलटी ५०, एचटी २२००. गुणोत्तर ४४! मूळ तांब्याच्या जागी अॅल्युमिनियम भरलं होतं. अॅल्युमिनियमला छेद सुमारे १.६ पट लागतो, तो कोअरच्या खिडकीत (पायांमधल्या मोकळ्या जागेत) मावेना, म्हणून दोन्हीकडचे वेढे प्रमाणात कमी केले. कोअर तोच जुना, १.६ टेस्लाचा. ५० वेढ्यांवर तो १.७९ वर गेला. रात्री पंप बंद झाले की व्होल्टेज चढतं. दहा टक्के चढलं तर १.९७. संपृक्ततेच्या दारात!

नो-लोड करंटने हे पहिल्या मिनिटात सांगितलं असतं. पूर्ण लोडचा एलटी करंट १३३ अँपिअर, त्याच्या तीन टक्के म्हणजे ४ अँपिअर. त्यापुढे गेला की थांबायचं. तेव्हापासून एकही रोहित्र या चाचणीशिवाय माझ्या टेबलावरून हललेलं नाही.

---

शिवारवाट

बाप रे. म्हणजे गुणोत्तर बरोबर आलं म्हणून मी खूश झालो, ते काहीच सांगत नव्हतं! आमचं रोहित्र अजून वर्कशॉपातच आहे, तेल भरायचं बाकी. वहीत ५६ आहे, पण कॉईलीत तेवढेच गेलेत हे आता, गुंडाळल्यावर, कसं कळणार?

---

टेस्टबेंच

सोपी युक्ती. अॅक्टिव्ह पार्ट (कोअर आणि कॉईली) टाकीबाहेर असेल तर लिंबावर, कॉईलीच्या बाहेरून, साध्या इन्सुलेटेड वायरचे मोजून १० वेढे घाला. रोहित्राला व्होल्टेज द्या आणि त्या १० वेढ्यांवर मीटर लावा. एका वेढ्याचे व्होल्ट थेट हातात.

---

मेजावरचा_वायंडर

थांबा थांबा. व्होल्टेज एलटीला देऊ नका. २५ व्होल्ट दिले तरी एचटीला ११०० उभे राहतात, जीव जाईल. तीन फेजचे ४३३ एचटीला द्या. एलटीला फेजला दहा व्होल्टही येत नाहीत. १० वेढ्यांवर १.७६ च्या आसपास दिसलं तर २४६४ भरलेत. १.९७ दिसलं तर २२०० चं प्रकरण. आणि एचटीच्या जवळ फक्त काकांनी जायचं, तुम्ही मीटर वाचायचं.

---

टेस्टबेंच

बरोबर, हे मीच आधी लिहायला हवं होतं. आभारी आहे.

---

ऱ्हाईनकाठ

वारंवारतेवरून दोन गोष्टी. मी जर्मनीत रेल्वेच्या क्षेत्रात आहे. इथे रेल्वेची वीज १५ केव्ही, १६.७ हर्ट्झ. म्हणजे तेवढ्याच कोअरमध्ये एका वेढ्याचे व्होल्ट ५० हर्ट्झच्या एक तृतीयांश. वेढे तरी तिप्पट करा नाहीतर लोखंड तरी. इंजिनातला ट्रान्सफॉर्मर त्यामुळे जड होतो. आपल्याकडे २५ केव्ही ५० हर्ट्झवर चालणाऱ्या इंजिनाला हे ओझं वाहावं लागत नाही.

दुसरी घरगुती. बहिणीने अमेरिकेहून येताना मायक्रोवेव्ह आणला. २३० चे १२० करायला वेगळा ट्रान्सफॉर्मर घेतला, व्होल्टेज जुळलं. पण आतला ट्रान्सफॉर्मर ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला. ५० वर फ्लक्स २० टक्के वाढला. आठवड्याभरात घरभर वार्निश जळाल्याचा वास.

---

जुना_रेडिओ

जुन्या रोहित्रांत वेढे जास्त असायचे असं ऐकलं आहे, ते पत्र्यामुळेच का?

---

सातपूरकर

हो, पत्र्यामुळे. जुना हॉट रोल्ड पत्रा १.२-१.३ टेस्लाच्या पुढे नेता येत नसे. कमी घनता म्हणजे त्याच छेदाला जास्त वेढे. नॉर्मन गॉस यांनी १९३४ मध्ये कणांची दिशा लावलेल्या पोलादाचं पेटंट मिळवलं, तिथून चित्र बदललं. म्हणून जुन्या पत्र्याच्या कोअरवर नव्या रोहित्राच्या वहीतले वेढे कधीही भरू नयेत. आणि अॅमॉर्फस (स्फटिकरचना नसलेल्या धातूचा) कोअर आला तर पुन्हा उलटं : तो १.५६ लाच संपृक्त होतो, म्हणून १.३-१.४ धरतात. वेढे किंवा छेद वाढतो, पण लोखंडाचा लॉस इतका कमी असतो की ते परवडतं.

---

शिवारवाट

मंडळी, आज जाऊन आलो. काका आधी जरा रागावले, "माझ्या मोजण्यावर विश्वास नाही का?" मी धाग्यावरची टेस्टबेंच दादांची गोष्ट त्यांना वाचून दाखवली. ऐकून गप्प झाले आणि स्वतःच वायर काढून दिली.

१० वेढे घातले. सप्लाय ४२० व्होल्ट होता. माझ्या हिशेबाने १.७० यायला हवं. आलं १.६२! पोटात गोळा आला. ४२०० भागिले १.६२ म्हणजे २५९० च्या घरात. जास्त वेढे कसे? तीन वेळा मोजलं, तिन्ही लिंबांवर तेच. काका हसले आणि एचटीचे वेढे थोडे कमी-जास्त करणाऱ्या टॅप स्विचकडे बोट दाखवलं. तो पहिल्या नंबरवर होता, अधिक पाच टक्क्यांचा टॅप. २४६४ अधिक १२३, म्हणजे २५८७. स्विच नॉर्मलवर आणला. १.७०, १.७१, १.७०.

मग नो-लोड. ती काकांनी जाळीच्या आत, आम्हाला बाहेर उभं करून केली. तिन्ही फेजला अडीच अँपिअरच्या आत. कोअरचा व्यासही मोजला ताई, १३६ मि.मी. भरला.

सोमवारी तेल भरून मंगळवारी खांबावर चढवायचं ठरलंय. एक प्रश्न राहिला : वहीत एलटीच्या पट्टीची रुंदी-जाडी लिहिली आहे. ती १३३ अँपिअरवरून कशी काढतात?

---

सातपूरकर

१३६! वा. पट्टीचं गणित तापमान आणि लोडच्या लॉसशी जोडलेलं आहे, त्याला नवा धागा काढा. पट्टीचं माप आणि तांबं की अॅल्युमिनियम एवढं लिहून ठेवा, मी येते तिथे.